स्टारबक्स आणि डच ब्रोज: दोघांचे निकाल शेजारी ठेवून वाचताना

दोघांचा धंदा कॉफीचा, दोघांचे शेअर अमेरिकेच्या बाजारात. स्टारबक्सचे 2024 आर्थिक वर्षाचे उत्पन्न 36.2 अब्ज डॉलर, डच ब्रोजचे 2024 चे 1.28 अब्ज. आकारातला फरक कुणालाही दिसतो. फसगत होते ती दोन्ही अहवालांत सारख्या नावाने येणाऱ्या आकड्यांमुळे.

आधी तारखा. स्टारबक्सचे वर्ष 30 सप्टेंबरच्या जवळच्या रविवारी संपते, डच ब्रोजचे 31 डिसेंबरला. त्यामुळे स्टारबक्सच्या पहिल्या तिमाहीत नाताळची गर्दी येते, डच ब्रोजच्या पहिल्या तिमाहीत जानेवारी ते मार्च. शिवाय स्टारबक्सचे 2021 हे वर्ष 53 आठवड्यांचे होते, म्हणून 2022 ची वाढ कागदावर थोडी कमी दिसते.

जुन्या दुकानांची विक्री

जुन्या दुकानांची विक्री मागच्या वर्षापेक्षा किती टक्के वाढली किंवा घटली, बातमीत सर्वांत आधी येतो तो हा टक्का. स्टारबक्स त्यात किमान 13 महिने चाललेली फक्त स्वतःची दुकाने धरते. परवान्यावर चालणारी दुकाने, म्हणजे 2024 अखेर 40 हजारांपैकी जवळजवळ निम्मी, त्यात नसतात. डच ब्रोज 15 पूर्ण महिने झालेली दुकाने धरते आणि दोन आकडे देते: एक फ्रँचायझीसकट, दुसरा फक्त स्वतःच्या दुकानांचा. 2024 चे 5.3 टक्के हा फ्रँचायझीसकटचा आकडा आहे. स्टारबक्सशेजारी ठेवायचा तो दुसरा.

टक्का फोडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. स्टारबक्सच्या 2024 मधल्या उणे 2 टक्क्यांत व्यवहार 4 टक्क्यांनी घटले आणि सरासरी बिल 2 टक्क्यांनी वाढले. आमच्या मते उणे 2 चा हा वाईट प्रकार. भाडे आणि पगार व्यवहार कमी झाले म्हणून त्या प्रमाणात उतरत नाहीत. तोच खर्च कमी कपांवर बसतो. त्या वर्षी ऑपरेटिंग मार्जिन, म्हणजे धंद्याचा खर्च वजा जाता उत्पन्नातून उरणारा वाटा, 16.3 वरून 15 टक्क्यांवर आले, त्यामागे हेही एक कारण.

डच ब्रोजकडे प्रश्न वेगळा. उत्पन्न 2024 मध्ये सुमारे 33 टक्के वाढले, जुनी दुकाने मात्र 5.3 टक्केच. उरलेली वाढ मुख्यतः नव्या दुकानांची. वर्षभरात 151 उघडली, एकूण 982 झाली. त्यामुळे तिथे प्रति दुकान सरासरी विक्री टिकते का, आणि नवे दुकान जवळच्याच जुन्याचे गिऱ्हाईक खाते का, हे दर तिमाहीला तपासावे.

दुकानाचा नफा

डच ब्रोज स्वतःच्या दुकानांचा माल, मजुरी, जागा, उद्घाटनपूर्व खर्च आणि घसारा (सामान-बांधकामाची दरवर्षी खर्चात धरलेली झीज) वेगवेगळ्या ओळींत दाखवते. ‘शॉप कॉन्ट्रिब्युशन’ हा दुकानांच्या नफ्याचा तिचा आकडा मात्र घसारा परत मिळवून काढलेला असतो, म्हणून तो ढोबळ नफ्यापेक्षा नेहमी गुटगुटीत दिसतो. स्टारबक्समध्ये दुकानांचा पगार आणि भाडे एका ओळीत मिळते, पण मालाच्या खर्चात परवानाधारकांना विकलेला मालही मिसळलेला असतो. तिथे दुकानाचा नेमका नफा बाहेरून काढता येत नाही. दोघांच्या टक्केवाऱ्या थेट ताडल्या तर उत्तर चुकणारच.

ताळेबंदातले खड्डे

स्टारबक्सचे भागधारकांचे भांडवल 2024 अखेर सुमारे उणे 7.4 अब्ज डॉलर होते. कंपनी बुडाली म्हणून नव्हे. बायबॅक (स्वतःचेच शेअर परत विकत घेणे) आणि लाभांश यांतून कमाईपेक्षा जास्त पैसा बाहेर गेला म्हणून. कर्ज-भांडवल गुणोत्तर इथे टाकाऊ. त्याऐवजी कर्ज आणि भाडेपट्ट्यांचे देणे एकत्र करून ते भाडे भरण्याआधीच्या रोख नफ्याशी ताडावे.

स्टारबक्सकडे आगाऊ जमा झालेले पैसेही बघा. गिऱ्हाइकाने कार्डात भरलेली रक्कम कॉफी घेईपर्यंत कंपनीचे देणे असते. स्टारबक्सची पाकीटबंद कॉफी विकण्याच्या हक्कापोटी नेस्लेकडून 2018 मध्ये आलेले सुमारे 7.15 अब्ज डॉलर तर 40 वर्षांत विभागून, वर्षाला साधारण 18 कोटी, उत्पन्नात येतात. त्या 18 कोटींमागे आज नवी रोकड येत नाही. रोख प्रवाहाचे पत्रक उघडले की हे लगेच दिसते.

डच ब्रोजमध्ये खड्डा दुसरीकडे. 2024 चा निव्वळ नफा 6.65 कोटी डॉलर, पण सूचीबद्ध कंपनीच्या भागधारकांच्या वाट्याला 3.53 कोटी. बाकीचा सूचीबद्ध कंपनीखालच्या मूळ कंपनीत थेट हिस्सा असलेल्यांचा. किंमत-उत्पन्न गुणोत्तर (शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नफा) काढताना पूर्ण 6.65 कोटींचा नफा घेऊन फक्त वर्ग ‘अ’ च्या, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या, शेअरसंख्येने भागले, तर शेअर जवळजवळ निम्म्या भावात मिळतोय असे वाटेल.