'विधाने-निष्कर्ष' पुस्तिका: आकृत्या चोख, शेवट कच्चा

दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष निघतो की नाही, हे ओळखायचे प्रश्न शिकवणारी जळगावातल्या एका स्पर्धा परीक्षा क्लासची ही पुस्तिका घ्यावी, पण शेवटची दोन प्रकरणं जपून वाचावीत.

वर्तुळांच्या आकृत्या ती नीट शिकवते. 'सर्व केळी फळं आहेत. काही फळं पिवळी आहेत. निष्कर्ष: काही केळी पिवळी आहेत.' रावेर-यावलच्या पोरांचा हात इथे हमखास 'बरोबर'वर जातो. पिवळी केळी रोज डोळ्यांसमोर ना! पण पिवळं वर्तुळ केळीच्या वर्तुळाला न शिवता फळांत काढता येतं, म्हणजे निष्कर्ष बाद. अशी एक विरोधी आकृती निघाली की पुरे, हे पुस्तिका पानोपानी घोटून घेते. उलटवणंही, म्हणजे 'अ ब'चं 'ब अ' करणंही, स्वच्छ: 'काही आहेत' आणि 'एकही नाही' तसंच्या तसं उलटतं, 'सर्व' उलटताना 'काही' होतं, 'काही नाहीत' मात्र उलटतच नाही.

घोटाळा 'एकतर-किंवा'त, म्हणजे 'दोनपैकी एक निष्कर्ष खरा' या उत्तरात आहे. 'काही अ ब आहेत' आणि 'एकही अ ब नाही' ही जोडी दोन्ही निष्कर्ष सुटे सिद्ध होत नसतील तरच धरायची. ही अटच गाळल्यामुळे उत्तरतालिका चुकते. 'शक्यता'च्या, म्हणजे 'असं असू शकतं का?' अशा प्रश्नांना तर जुन्याच आकृत्या चिकटवल्यात. तिथे तपासणी उलटी: विधानांशी जुळणारी एक आकृती सापडली की शक्यता खरी.