कॉक ओ व्हँसोबत काय वाढावं? ठाण्या-वाशीच्या बाजारातल्या जिनसांची पारख

कॉक ओ व्हँ म्हणजे फ्रान्सच्या बरगंडी भागातली, रेड वाइनमध्ये मंद आचेवर शिजवलेली कोंबडी. तिच्या रश्श्यातच खारवलेल्या डुकराच्या मांसाचे, म्हणजे बेकनचे तुकडे, अख्खे छोटे कांदे आणि मशरूम असतात. म्हणून मशरूमची भाजी, परतलेले कांदे किंवा बेकन घातलेलं सॅलड शेजारी वाढलं तर ताटात तेच ते दोनदा येतं. सोबतीला तीन गोष्टी पुरतात: रस्सा धरून ठेवणारं काहीतरी, एक हिरवी भाजी आणि शेवटी तोंड साफ करणारं आंबटसर सॅलड. यातली पहिली निवड चुकली की दोन तास आटवलेला रस्सा ताटात नुसता पसरतो. त्यामुळे ठाण्यातल्या जांभळी नाका, गावदेवी आणि वाशीच्या बाजारांत मिळणाऱ्या जिनसांची पारख आम्ही याच कसोटीवर केली आहे.

आधी रस्सा किती आणि कसा आहे ते बघा, कारण सोबतीचा पदार्थ त्यावर ठरतो. चौघांसाठी दीड किलोची कोंबडी, ७५० मिलीची एक बाटली वाइन आणि सुमारे ३०० मिली चिकन स्टॉक घेतला, तर आटल्यावर ४०० ते ५०० मिली रस्सा उरतो. म्हणजे माणशी शंभर-सव्वाशे मिली. चमच्याच्या पाठीवर रस्सा घेऊन बोटाने रेघ ओढावी. रेघ तशीच राहिली तर रस्सा जमला. लगेच मिटली तर ३० ग्रॅम मऊ लोणी आणि ३० ग्रॅम मैदा एकत्र मळून थोडं थोडं उकळत्या रश्श्यात फेटावं आणि पाच मिनिटं उकळू द्यावं. त्याआधी आच बंद केली तर मैद्याचा कच्चटपणा राहतो. गावठी कोंबडा घेतला असेल तर त्याच्या हाडा-कातडीतून जिलेटिन उतरतं, रस्सा आपोआप अंगाला येतो आणि मैदा कमी लागतो. मात्र त्याला दीड ते अडीच तास द्यावे लागतात. ब्रॉयलर पाऊण तासात होतो आणि त्यापुढे त्याचे धागे सुटायला लागतात.

आता बटाटा. फ्रान्समध्ये या पदार्थाबरोबर नेहमीचा बटाटा म्हणजे साधा उकडून लोणी आणि पार्सलीत घोळवलेला. हे काम नव्या बटाट्याचं. अंगठ्याने चोळल्यावर साल सुटते तो नवा. त्यात पाणी जास्त आणि स्टार्च कमी असतो, म्हणून तो उकडल्यावर आकार धरतो. लिंबाएवढे एकसारखे निवडून घ्यावेत. गावदेवीत किरकोळ घेताना विक्रेत्याला तसं सांगितलं तर तो बाजूला काढून देतो. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माल गोणीने जातो, त्यामुळे एका जेवणासाठी तिथवर जाण्यात अर्थ नाही. चौघांना ८०० ग्रॅम पुरतात. लिटरला १० ग्रॅम मीठ घातलेल्या थंड पाण्यात सोडून मग आच लावावी. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरचा थर फुटेपर्यंत आतला गाभा कच्चाच राहतो. १५ ते २० मिनिटांत सुरी अलगद शिरते. पाणी काढून तेच भांडं मिनिटभर पुन्हा आचेवर ठेवावं म्हणजे वरची ओल उडते. मग ३० ग्रॅम लोणी आणि दोन चमचे चिरलेली पार्सली. ताटात प्रत्येक बटाटा काट्याने किंचित चेचून त्यावर रस्सा घालावा. अख्ख्या बटाट्यावरून रस्सा घसरतो, चेचलेल्या भागात मुरतो.

पार्सलीऐवजी कोथिंबीर घालण्याचा मोह टाळाच. दिसायला दोन्ही सारख्या, पण कोथिंबिरीचा वास वाइन आणि तमालपत्राच्या वर चढतो आणि सगळा पदार्थ आपल्या नेहमीच्या रश्श्याकडे झुकतो. ब्रोकोली, झुकिनी असा विदेशी भाजीपाला ठेवणाऱ्यांकडे पार्सली विचारावी. कुरळ्या पानांपेक्षा सपाट पानांची घ्या, तिला चव जास्त असते. नाहीच मिळाली तर काही घालू नका.

मॅश करायचा असेल तर बटाटा वेगळा लागतो. इथे जुना, जाड सालीचा, पिठूळ बटाटा हवा. वेफर्सवाले वापरतात तो चिप्सोना हाती लागला तर उत्तम. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ साली तो खास वेफर्ससाठी आणला आणि त्यात कोरडा अंश भरपूर असतो. शीतगृहातून नुकत्याच आलेल्या बटाट्याबद्दल मात्र सावध राहा. फार थंडीत राहिलेल्या बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते. असा बटाटा मॅशमध्ये गोड लागतो, आणि रश्श्यात कांदे आणि गाजराचा गोडवा आधीच असतो. घरी आणून फ्रिजबाहेर, अंधाऱ्या हवेशीर जागी दोन-तीन आठवडे ठेवला तर गोडी बरीच उतरते. हिरवट झालेला बटाटा घेऊच नये.

मॅशसाठी आपल्याकडे एक फार चांगलं साधन घरोघरी असतं: पुरणयंत्र. फ्रेंच स्वयंपाकघरात मॅशसाठी हात फिरवून चालवायचं जे जाळीचं यंत्र वापरतात, ते कामाने हुबेहूब हेच. बारीक जाळी लावा. आधी यंत्र गरम पाण्यात बुडवून धुऊन घ्या, नाहीतर वेलची-जायफळाचा वास बटाट्याला लागतो. एक किलो बटाटे सालीसकट उकडा, मोठे असतील तर अर्धा तास ते पस्तीस मिनिटं. साल असली की पाणी आत शिरत नाही. गरम असतानाच सोलून यंत्रातून काढा. तो लगदा मंद आचेवर दोन मिनिटं कोरडा करा, मग १२० ग्रॅम थंड लोणी तुकड्या-तुकड्याने आणि शेवटी २०० मिली कडकडीत दूध हळूहळू मिसळा. प्रसिद्ध शेफ जोएल रोबुशों किलोला २५० ग्रॅम लोणी घालत. नुसता मॅश खायचा असेल तर ते सुंदर लागतं, पण या रश्श्यात चरबी आधीच आहे आणि इतकं लोणी जड होतं. नेहमीचं पिवळं अमूल बटर खारवलेलं असतं, ते वापरलं तर वेगळं मीठ घालण्याआधी चव बघा. बेकनचं मीठ रश्श्यात उतरलेलं असतं हेही लक्षात ठेवा.

मिक्सरला हात लावू नका. पात्यांनी बटाट्याच्या पेशी फुटून स्टार्च मोकळा होतो आणि मॅशची खळ होते. एकदा चिकट झालेला मॅश लोणी-दूध घालून सुधारत नाही. बटाटे गार झाल्यावर कुस्करले तर गुठळ्या राहतात, म्हणून वेळ सांभाळा. वाढायला उशीर असेल तर मॅशचं भांडं गरम पाण्याच्या पातेल्यावर झाकून ठेवा, तासभर चांगला राहतो. रस्सा थोडा पातळ राहिला असेल त्या दिवशी मॅशच योग्य, कारण मधे खळगा करून रस्सा त्यात साठवता येतो.

पावाच्या बाबतीत ठाणेकरांचं नशीब चांगलं आहे, फक्त हात नेमक्या पावाकडे जायला हवा. लादी पाव या रश्श्यासाठी घेऊ नका. तो मऊ आणि किंचित गोडसर असतो, वाइनच्या रश्श्यात बुडवताच विरघळतो आणि हातात लगदा येतो. मिसळीच्या तर्रीत तोच मऊपणा छान लागतो, पण ही तर्री नव्हे. ब्रुन म्हणजेच कडक पाव घ्या. त्याचं कवच बुडवल्यावरही टिकतं, आतला भाग रस्सा शोषतो आणि चव तटस्थ असते. सकाळच्या भट्टीचा आणून त्याच दिवशी संपवावा.

बेकऱ्यांमधले बगेट, म्हणजे लांबट फ्रेंच पाव, विकत घेताना नावावर जाऊ नका, कवच दाबून बघा. करकर आवाज आला तर घ्या. दबून तसंच राहिलं तर तो लांबट आकाराचा साधा ब्रेड आहे. प्लास्टिकच्या पिशवीत गरम असताना बंद केलेला पाव वाफेने मऊ पडतो, म्हणून कागदी पिशवीतला निवडा. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत चांगलं कवचही काही तासांत चिवट होतं. त्यावर उपाय आहे: पावावर ओला हात फिरवून २०० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये पाच-सात मिनिटं ठेवा आणि लगेच वाढा. हा उपाय एकदाच चालतो, दुसऱ्यांदा पाव दगडासारखा होतो. चीज आणि लसूण लावलेला तयार गार्लिक ब्रेड इथे निरुपयोगी. त्याचा लसूण आणि मिश्र मसाले रश्श्याला दाबून टाकतात.

जुन्या पद्धतीने वाढायचं असेल तर सँडविच ब्रेडचे पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचे तुकडे कापून लोण्यात सोनेरी तळावेत, टोक रश्श्यात बुडवून मग चिरलेल्या पार्सलीत टेकवावं आणि कोंबडीभोवती मांडावेत. आदल्या दिवशीचा ब्रेड घ्या, ताजा फार लोणी पितो.

नूडल्स घ्यायच्या तर रुंद पट्टीच्या. तालियातेले किंवा फेतुचिने या नावाने मिळणारा पास्ता, शक्यतो अंड्याचा, माणशी ८० ग्रॅम. १०० ग्रॅमला एक लिटर पाणी, लिटरला १० ग्रॅम मीठ. पाकिटावरच्या वेळेच्या एक मिनिट आधी काढून थोड्या लोण्यात आणि दोन-तीन डाव रश्श्यात परतावा, म्हणजे रस्सा पट्टीला चिकटतो. वेगळा उकडून ताटात ओतलेला पास्ता आणि वरून रस्सा, असं केलं की तळाशी तळं साचतं. हक्का नूडल्स बारीक आणि गुळगुळीत, त्यांच्यावर हा रस्सा थांबत नाही.

भाताबद्दल फ्रेंच लोक फारसे आग्रही नाहीत, पण आपल्या घरात भात लागतोच. मग कोणता? बासमती आणि आंबेमोहर दोन्ही आपापल्या सुवासाचे, आणि इथे तो सुवास मधे येतो. इंद्रायणी चिकट, त्यामुळे जाड रश्श्याबरोबर गोळा होतो. वाडा कोलम सगळ्यात बरा: दाणा बारीक, वास सौम्य, मोकळा होतो. फोडणी नको, जिरं नको. आणि एक नेमकं इथलं सुचवणं: तांदळाची भाकरी. ठाण्या-रायगडच्या आगरी-कोळी घरांत ती कोंबडीच्या रश्श्याबरोबर असतेच, आणि चवीला तटस्थ असल्यामुळे वाइनच्या रश्श्यालाही ती चांगली साथ देते. रस्सा मात्र दाट हवा. बाजरीची भाकरी नको, तिचा उग्र कडवटपणा वाइनच्या तुरटपणात मिसळून जास्तच जाणवतो.

हिरव्या भाजीत फरसबीला तोड नाही. पेन्सिलीपेक्षा बारीक, मोडल्यावर कट्कन तुटणारी घ्या. दाणे बाहेरून जाणवत असतील तर ती निबर झालेली आहे. ३०० ग्रॅम फरसबी शिरा काढून भरपूर खारट उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटं, झाकण न लावता. झाकण लावलं तर भाजीतून सुटणारं आम्ल वाफेबरोबर बाहेर जात नाही आणि रंग शेवाळी होतो. लगेच बर्फाच्या पाण्यात, मग निथळून वाढण्याआधी लोण्यात मिनिटभर. हिवाळ्यात ताजा मटार मिळतो तेव्हा तोही अशाच पद्धतीने, फक्त दोन-तीन मिनिटं. बाकी वर्षभर फ्रोझन मटार निर्धास्त वापरा, शिळ्या शेंगांपेक्षा तो गोड असतो. गाजर वाढायचं असेल तर थोडंच, आणि नारिंगी. हिवाळ्यातलं लाल गाजर हलव्यासाठी राखून ठेवा, इथे त्याची गोडी जास्त होते.

सॅलड कोंबडीबरोबर नव्हे, तिच्यानंतर. लेट्यूसची पानं पूर्ण कोरडी करा, ओल्या पानांना ड्रेसिंग चिकटत नाही. एक भाग व्हिनेगर, तीन भाग तेल, चमचाभर डिजाँ मोहरी (बाटलीत मिळणारी वाटलेली फ्रेंच मोहरी), मीठ. सरसोंचं तेल नको, त्याचा झणका फार. लेट्यूसच्या पानांत एक चतुर्थांश समुद्र मेथी मिसळून बघा. त्या चिमुकल्या जुड्यांची कोवळी, किंचित कडू पानं फ्रेंच सॅलडमधल्या कडवट पाल्याची जागा नेमकी घेतात. मुळांपाशी वाळू असते, ती मुळं कापून तीन-चार पाण्यांत धुवा. कच्च्या कांद्याची कोशिंबीर मात्र या जेवणात नको. तिचा तिखटपणा जिभेवर राहतो आणि पुढचा प्रत्येक घास त्याच चवीचा लागतो.

रस्सा उरला तर फेकू नका. फ्रिजमध्ये तो जेलीसारखा गोठतो, ते जिलेटिनचं लक्षण आहे, बिघडल्याचं नाही. दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर मोकळा करा. बरगंडीतच रेड वाइनच्या रश्श्यात पोच केलेली, म्हणजे कवच फोडून पाण्यात शिजवलेली, अंडी वाढायची पद्धत आहे. त्यासाठी माणशी दोन अंडी, पाण्यात थोडं व्हिनेगर, तीन मिनिटं. खाली लोण्यात भाजलेला ब्रुनचा काप, त्यावर अंडं आणि वर हा रस्सा. यासाठी ब्रुन आदल्या दिवशीचा असला तरी चालतो, भाजल्यावर तो उलट जास्त कुरकुरीत होतो.