मागे ओढायची होडी घेताना मी कसा फसलो

धडगाव तालुक्यात नर्मदेच्या फुगवट्यावर, म्हणजे सरदार सरोवर धरणामागे साठलेल्या पाण्यावर, माझी डिझेल इंजिनची बोट चालते. माणसं, धान्याची पोती, शेळ्या, बाजाराचं सामान, आणि हिवाळ्यात पाणी बघायला येणारे पाहुणे. सरदार सरोवराची पूर्ण पातळी 138.68 मीटर. धरण भरलेलं असतं तेव्हा पाणी डोंगराच्या अंगाला भिडतं आणि बोट कुठेही लागते. उन्हाळ्याकडे पाणी उतरलं की काठाला नुसता गाळ. मोठी बोट आतच टेकते आणि म्हाताऱ्या बाया लुगडं गुडघ्यावर धरून चिखलातून जातात. ते बघवत नव्हतं. म्हणून एक छोटी होडी मागे बांधून न्यायची आणि काठाजवळ माणसं तिच्यातून उतरवायची, असं ठरवलं.

जानेवारीत एका व्यापाऱ्याकडून जुनी फायबरची होडी घेतली. बासष्ट हजारांना, आणि वर ओढायच्या दोराचे सहा हजार. होडी नव्या रंगात चकाकत होती. पुढच्या टोकाला स्टीलची जाड कडी. त्याने स्वतः कडीला लटकून दाखवलं, "हिला ट्रॅक्टर बांधा भाऊ, हलणार नाही." पुढचा कप्पा फायबरने बंद केलेला होता. आत फोम भरलाय, होडी पाण्याने भरली तरी बुडणार नाही, असं म्हणाला. कडीचे नट आतून बघू द्या म्हटलं, तर कप्पा उघडला की हवाबंद राहणार नाही, हे उत्तर. मला ते पटलं. इथेच मी फसलो.

दोर नायलॉनचा म्हणून दिला आणि माझ्यासमोर टाकीत टाकून तरंगवून दाखवला. "बघा, तरंगतो. पंख्यात कधी अडकणार नाही." दोर तरंगला तर बोटीच्या पाण्यातल्या पंख्यापासून लांब राहतो, हे खरंच आहे. पण नायलॉन पाण्यात बुडतो. तरंगतो तो पॉलीप्रॉपिलीन, बाजारात पुष्कळ स्वस्तात मिळणारा. नायलॉन ताण आला की रबरासारखा लांबतो, हिसका स्वतः पोटात घेतो. पॉलीप्रॉपिलीन तेवढा लांबत नाही, सगळा हिसका सरळ कडीवर जातो. शिवाय उन्हात त्याचे केस निघतात. दोन महिन्यांत माझ्या दोराला हात लावला की तळव्यात काटे रुतायचे, तरी मी "नवीन आहे, बसेल हळूहळू" म्हणत राहिलो.

मार्चच्या शेवटी एका दुपारी पश्चिमेचा वारा उठला. दोन डोंगरांच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यात लाटा उभ्या राहिल्या. मागची होडी डावीकडे पळायची, दोर ढिला पडायचा, मग ताणून खाडकन हिसका. असं झालं की दोर कमीजास्त करून दोन्ही बोटी लाटेवर एकदम चढतील-उतरतील असं बघावं लागतं, आणि मागच्या होडीतलं वजन मागे सारून तिचं तोंड वर ठेवावं लागतं. मी दोर सोडतच होतो, तेवढ्यात कडी निघाली. दोर सुटून माझ्या खांद्यावरून गेला आणि कडी इंजिनच्या पत्र्यावर आदळली. पत्र्याला अजून खोक आहे. ती डोक्याला लागली असती तर हे लिहायला मी नसतो.

होडी आडवी झाली, भरली, आणि मक्याची चार पोती गेली. फक्त पोती होती. दोनच दिवसांपूर्वी त्याच होडीत दोन शाळकरी पोरं बसली होती, कारण त्या माणसाने सांगितलं होतं की ओढताना सहा जण बसले तरी चालतील. 2019 च्या संक्रांतीला आमच्याच तालुक्यात भुषा इथे बोट उलटून लेकरं गेली, ते इथला कोणी विसरलेलं नाही. ओढत्या होडीत माणूस बसवायचाच नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

काठाला आणून कप्पा फोडला. कडीमागे ना पट्टी, ना वॉशर, ना नट. लाकडात मारतात तसे चार स्क्रू, तेही प्लायवूडमध्ये. प्लायवूड काळं पडलेलं, बोटाने दाबलं तर भिजलेल्या भाकरीसारखं तुटत होतं. फोम पाणी पिऊन दगड झालेला. होडी इतकी जड का ओढते, याचं उत्तर तिथे होतं.

व्यापाऱ्याला फोन केला. "मी वल्हवायला विकली होती, ओढायला तुम्ही वापरली." पावतीवर लिहिलेलं: जुनी फायबर नाव एक, जशी आहे तशी. आमचे शहाद्याचे मामा म्हणाले, "आते रडीसन काय फायदा, भाऊ?" पण "ओढायला एक नंबर" असा त्याचा व्हॉट्सअॅपवरचा मेसेज माझ्याकडे आहे, तो पुसू नका असं वकिलांनी बजावलं. पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असलेल्या धंद्याकरता वस्तू घेतली असेल तरी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण ग्राहकच ठरतो. दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. तक्रार टाकली आहे, निकाल लागायचा आहे.

तोवर कोणी होडी बघायला जाणार असेल तर कप्पा उघडल्याशिवाय पैसे देऊ नका. कडी आरपार नटबोल्टने, मागे पट्टी लावून बसवलेली पाहिजे, आणि ती पाण्याच्या पातळीच्या जवळ, खाली हवी. फायबरवर हातोडीच्या दांड्याने ठोका. टणक आवाज यावा, बद्द नाही. दोराचा तुकडा पाण्याच्या बादलीत टाका, तरंगला तर तो नायलॉन नाही. ओढताना दोर मोठ्या बोटीच्या मागच्या दोन्ही खुंट्यांना विभागून बांधा, आणि बोट मागे घ्यायच्या आधी तो आत ओढून घ्या.

ते चार स्क्रू मी डबीत ठेवलेत. परवा बिलगावचा एक पोरगा होडी घ्यायला निघाला होता, त्याच्या हातावर ठेवले. शनिवारी त्याच्यासोबत हातोडी घेऊन जातोय.