फोनला लावायची मॅक्रो लेन्स : पैसे वसूल, चिमटा मात्र रद्दी

एम. जी. रोडवरच्या मोबाइलवाल्याकडून साडेसहाशेला घेतली. सांगत होता आठशे. फेब्रुवारीपासून वापरतोय.

मखमलाबादला आमचा बियाण्याचा कांदा आहे, दहाच गुंठे. गोंडे फुलले की त्यावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माश्या येतात, हवेत जागच्या जागी टांगल्यासारख्या. इतकी वर्षं त्यांना मधमाश्याच समजत होतो. यंदा पुतणी म्हणाली, "काका, पंख मोजा." मधमाशीला चार, हिला दोनच. सिरफिड माशी. हिच्या बऱ्याच जातींच्या अळ्या मावा, म्हणजे पिकाचा रस शोषणारी बारीक कीड, खातात, म्हणजे घरचीच माणसं. मग कोण कोण येतंय ते बघायचा नाद लागला.

नुसत्या फोनने पिवळा ठिपका यायचा. लेन्स लावल्यावर पोटावरचे पट्टे मोजता आले. जाड काळ्या पट्ट्याच्या जोडीला आणखी एक बारीक पट्टा, पेनाने मिशी काढावी तसा : ती एपिसिर्फस बाल्टिएटस. डोळे डोक्यावर एकमेकांना टेकलेले, म्हणजे नर. एकीच्या डोळ्यांवर तर छापील साडीसारखे ठिपकेच ठिपके, ती एरिस्टॅलिनस. ऊन तिरपं असलं तर पंखाच्या मधली फिकी 'खोटी शीर'सुद्धा दिसते. सिरफिडची ती हमखास खूण.

आता त्रास. फोन माशीपासून तीन-चार सेंटिमीटरवर न्यावा लागतो, आणि ती काय तुमची वाट बघत बसते? सकाळी गारव्यात सुस्त असते तेव्हाच जमतं. वाऱ्याने गोंडा हलला की फोटो गेला. चिमट्याची स्प्रिंग महिन्यात ढिली झाली, आता रबर लावून चालवतोय. एकदा लेन्स पाटात पडली, पण काचेला काही झालं नाही.

फोटो वरून, बाजूने आणि तोंडासमोरून असे तीन घ्या. माझे पहिले सगळे वरूनच काढलेले, निम्मे वाया. पॅरागस नावाच्या चिमुकल्या माश्यांपुढे मात्र हात टेकले. त्यांची जात ठरवायला बहुतेकदा नराचा जननभाग सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. त्याला लेन्स काय करणार, त्याचे गुण कापत नाही.

पाचात चार. घेताना दुकानातच कव्हर काढून आपल्या फोनला लावून बघा. भावाच्या तीन कॅमेऱ्यांच्या फोनवर ती बसतच नाही.