जे सत्र भरलेच नाही, त्याचे प्रगतिपुस्तक

माझे आजोबा अहमदनगरला मिशनच्या बोर्डिंगात राहून शिकले. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये तिथे काम सुरू केले आणि आमच्यासारख्या कितीतरी गरीब घरांतली मुले परदेशातल्या अनोळखी माणसांच्या पैशांवर शिकून पायांवर उभी राहिली. आपली फी कोणी भरली हे आजोबांना शेवटपर्यंत कळले नाही, आणि हे ऋण फेडायचे राहून गेले याची रुखरुख ते बोलून दाखवत. त्यामुळे पुण्यातल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एका रविवारी उपासनेनंतर एक ब्रदर उभे राहून केनियातल्या गरीब मुलांच्या शिक्षणाविषयी बोलू लागले, तेव्हा ते जणू माझ्याशीच बोलत आहेत असे मला वाटले. पुढे जे घडले ते मी सविस्तर लिहिते आहे, कारण अशाच रीतीने आणखी दोन मंडळ्यांत पैसे गोळा झाल्याचे मला नंतर समजले.

2019 च्या जुलैमध्ये आम्ही चौदा जण स्वखर्चाने त्यांच्याबरोबर मिशन ट्रिपला गेलो. नैरोबीहून किसुमू आणि तिथून व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाकाठाने एका खेड्यात. वाटेत ओमेना नावाची बारीक चंदेरी मासळी जाळ्यांवर वाळत घातलेली होती आणि आपल्या सुकटीसारखाच वास सगळीकडे दरवळत होता. शाळा पत्र्याची होती. मुलांनी गाणी म्हटली, आम्ही प्रार्थना केली, आणि साधारण अकरा वर्षांच्या एका मुलाने माझे बोट धरून मला आपली वही दाखवली. भागाकाराची गणिते होती, प्रत्येकाखाली शिक्षकांची लाल खूण होती, आणि एके ठिकाणी खोडून खोडून कागद विरला होता. ब्रदर मागून म्हणाले, "ताई, हा तुमचा." त्याच्या शिक्षणाचा खर्च उचलायला मी त्याच दिवशी होकार दिला. शाळा खरी होती, मुले खरी होती, गरिबीही खरी होती, आणि हे सगळे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यामुळेच आमच्यापैकी कोणी पुढे एकही प्रश्न विचारला नाही.

दरमहा 3,000 रुपये ठरले. परदेशात पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची खास परवानगी लागते, सामान्य माणसाला ते जमणारे नाही, असे सांगून त्यांनी आपल्या वैयक्तिक खात्यावर पैसे मागितले. दर तीन-चार महिन्यांनी मुलाचे पत्र यायचे. 2020 च्या सप्टेंबरात त्याचे प्रगतिपुस्तक आले : इयत्ता सहावी, दुसरे सत्र, गणितात 71, किस्वाहिलीत 64, खाली शिक्षकांचा शेरा आणि शाळेचा निळा गोल शिक्का. ते मी प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून ठेवले आणि आमच्या प्रार्थना-गटातल्या भगिनींना मोठ्या कौतुकाने दाखवले.

2022 च्या जूनमध्ये पुण्यात शिकणारा एक केनियन विद्यार्थी आमच्या उपासनेला येऊ लागला. तो किसुमूकडचाच, लुओ समाजातला. मी त्याला जेवायला बोलावले आणि ती फाइल पुढे ठेवली. प्रगतिपुस्तक त्याने दोनदा वाचले आणि मग अतिशय संकोचाने सांगितले, "आंटी, तेव्हा आमच्याकडे शाळाच नव्हत्या." कोविडमुळे केनियातल्या शाळा 2020 च्या मार्चमध्ये बंद झाल्या, जुलैमध्ये सरकारने ते शैक्षणिक वर्षच वाया गेल्याचे जाहीर केले, ऑक्टोबरात फक्त परीक्षेचे तीन वर्ग उघडले आणि बाकीची मुले थेट 2021 च्या जानेवारीत परतली. सहावीचे दुसरे सत्र त्या वर्षी देशभरात कुठेही भरले नव्हते. शिवाय सरकारी प्राथमिक शाळांत 2003 पासून शिक्षण-शुल्क घेतले जात नाही. गणवेश, जेवण, परीक्षा यांचा खर्च पालकांना येतो, पण तो महिना 3,000 रुपये होत नाही. आमच्यातल्या एका भगिनीने शिक्षणापुरत्या दत्तक घेतलेल्या मुलीचे नाव पाहून तर तो थबकलाच. पत्रांवर ओटिएनो असे होते. लुओ लोकांत रात्री जन्मलेल्या मुलाला ओटिएनो म्हणतात, मुलीला आटिएनो.

मी ब्रदरांना फोन केला. आधी ते म्हणाले की वर्ग ऑनलाइन झाले, मग म्हणाले की कारकुनाची चूक असेल. बँकेतून बाहेर गेलेल्या रकमेची एक तरी पावती दाखवा म्हटल्यावर त्यांचा आवाज बदलला. देवाच्या कामात हिशेब मागणे म्हणजे अविश्वास, असे त्यांनी मला सुनावले. त्या विद्यार्थ्याने खटपट करून शाळेच्या मुख्याध्यापकांचा नंबर मिळवला. मुलगा तिथेच आठवीत होता. शाळेला आमच्याकडून दोन फुटबॉल आणि पेनांचे एक खोके मिळाले होते, त्यापलीकडे काही नाही. त्याचे मासेमार वडील तर माझ्याविषयी काहीच जाणत नव्हते. पस्तीस महिन्यांत मी 1,05,000 रुपये दिले होते.

मंडळीत हे बोलल्यावर सर्वांत जास्त त्रास आपल्याच माणसांनी दिला. बायबलमधल्या पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय पुढे करून, बंधूंचे भांडण कोर्टात नेऊ नये, असे मला बजावण्यात आले. त्याच पौलाने दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात, यरुशलेमसाठी गोळा केलेल्या दानाबद्दल कोणी बोट दाखवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतल्याचे लिहिले आहे, हे मी पाळकसाहेबांना उघडून दाखवले. बावीस दात्यांपैकी नऊ जणांनी तक्रारीवर सह्या केल्या. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 406 (विश्वासघात) आणि 420 (फसवणूक) खाली आम्ही पोलिसांकडे अर्ज दिला, आणि व्हॉट्सअॅपचे संदेश कोणी पुसले नव्हते म्हणूनच तो टिकला. तुम्हीही असे पैसे देत असाल तर एकही संदेश पुसू नका, आणि मधल्या माणसाला वगळून शाळेशी स्वतः बोला. केनियात एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय 2007 पासून आहे. मोबाइलवरून फी स्वीकारणाऱ्या शाळा तिथे भरपूर आहेत, त्यामुळे पैसे शाळेपर्यंत पोचवायला कोणाच्या वैयक्तिक खात्याची गरज पडत नाही.

2023 मध्ये तो मुलगा माध्यमिक शाळेत गेला. तिथल्या वसतिगृहाची फी खरोखरच भरावी लागते. त्याच्या वडिलांशी आणि शाळेशी बोलून मी माझ्याच बँकेच्या शाखेत गेले. कोणाही निवासी भारतीयाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बँकेमार्फत बाहेर पाठवता येते, त्यासाठी ए-2 फॉर्म भरतात, असे तिथल्या मुलीने समजावले. मला त्यात पाऊण तास लागला.