पाण्याचे पेले की फ्रँकलिनचा आर्मोनिका?

दोन्ही काचेची वाद्यं, आणि दोन्हींत नाद निघतो तो ओल्या बोटाने काचेची कड घासून. (आपल्या जलतरंगात चिनी मातीच्या वाट्यांवर काडीने आघात करतात, ती वेगळी गोष्ट.) पेल्यांचं वाद्य जुनं. १७४६ मध्ये ग्लूक या संगीतकाराने लंडनमध्ये २६ पेले वाजवले होते. साहित्य घरचंच, पण स्वर पाण्यावर ठरतो. पाणी उडालं की तो चढतो. शिवाय हात सगळीकडे फिरवावे लागतात.

बेंजामिन फ्रँकलिनने १७६१ मध्ये हीच अडचण हेरली. त्याने लहान होत जाणारी ३७ काचेची भांडी एका आडव्या लोखंडी दांड्यावर एकात एक बसवली आणि दांडा पायाने फिरवला. हाच आर्मोनिका. स्वर भांड्याच्या आकारातच पक्का, त्यामुळे पाण्याचं मोजमाप नको, फक्त बोटं ओली हवीत. भांडी इतकी जवळ, की अनेक स्वर एकदम वाजवता येतात. अंध वादक मारिआन किर्शगेसनरसाठी मोझार्टने १७९१ मध्ये यासाठी रचना केली. पुढे या सुरांनी वेड लागतं अशी अफवा उठली, वाद्य मागे पडलं. मला याचं फार वाईट वाटतं. पेले घरी जरूर वाजवून पाहा, पण संगीत म्हणून मी आर्मोनिकाच निवडेन.