द ब्लू नाईलची पहिली रेकॉर्ड आणि तिची न झिजलेली दुसरी बाजू

जुन्या रेकॉर्डच्या ढिगात 'अ वॉक अक्रॉस द रूफटॉप्स' हाताला लागली आणि क्षणभर खरंच वाटेना. ग्लासगोच्या तिघांच्या द ब्लू नाईल या बँडचा पहिला अल्बम, 1984 चा. कॉलेजात असताना एका मित्राने मला हा कॅसेटवर भरून दिला होता, पण तेव्हा मला दणदणीत सिंथपॉप, म्हणजे सिंथेसायझरवरचं पॉप, लागायचं, त्यामुळे दोनतीनदा फॉरवर्ड करत करत ऐकला आणि मग त्याच कॅसेटवर दुसरं काहीतरी भरून टाकलं. आज त्याचं फार वाईट वाटतं.

घरी आणून उजेडात तिरकी धरली तर पहिल्या बाजूवर बारीक ओरखडे, त्यातलं मधलं गाणं 'टिन्सेलटाउन इन द रेन' वाजवून वाजवून करडं पडलेलं, आणि दुसरी बाजू काळीभोर, चकचकीत. म्हणजे आधी जिच्याकडे किंवा ज्याच्याकडे होती त्यांनी एका गाण्यावर जीव लावला आणि रेकॉर्ड बहुतेक उलटलीच नाही. ते गाणं आहेच तसं म्हणा, बेस सुरू झाला की पाय आपोआप हलतो.

पण दुसरी बाजू ऐका! 'ईस्टर परेड'मधे जवळजवळ फक्त पियानो आणि गायक पॉल ब्युकॅननचा आवाज, आणि मधे इतकी मोकळी जागा की पियानोचा सूर पूर्ण विरेपर्यंत आपणच श्वास धरून बसतो. त्या काळात ड्रमवर दाबून रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या खोलीतल्यासारखा घुमार, टाकायची फॅशन होती, सगळे आवाज मोठे करायच्या मागे, आणि ग्लासगोच्या या तिघांनी मात्र एकेक गोष्ट काढूनच टाकली. इंजिनियर कॅलम माल्कमचं कामही तितकंच सुंदर, प्रत्येक आवाज कुठे उभा आहे ते कळतं. टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, बनवणाऱ्या लिन कंपनीने स्वतःच्या लेबलवर हा काढला होता, ते ऐकताना अगदी पटतं.

सात गाणी, जेमतेम 38 मिनिटं. 'फ्रॉम रॅग्ज टू रिचेस' मला अजूनही थोडं लांबलेलं वाटतं, आणि माझ्या कॉपीत नेमक्या शांत जागी चरचर येते, ब्रशने दोनदा साफ केली तरी गेली नाही.

लोक सगळे त्यांच्या 1989 च्या दुसऱ्या अल्बमकडे, 'हॅट्स'कडे जातात, 2024 मधे टेलर स्विफ्टच्या गाण्यात त्यातल्या एका गाण्याचं नाव आल्यावर तर जास्तच. 'हॅट्स' अप्रतिमच आहे, वाद नाही, पण ती शांतता या तिघांना सापडली ती इथे, पहिल्या अल्बमवर, आणि इथे ती अजून ताजी, जराशी खडबडीत आहे, म्हणून मला जास्त जवळची वाटते.

सेकंडहँड घेणार असाल तर दोन्ही बाजू उजेडात नीट बघून घ्या. रेकॉर्ड नाहीच मिळाली तर 2012 ची रीमास्टर केलेली, म्हणजे आवाज नव्याने सुधारलेली, दोन सीडींची आवृत्ती शोधा, आणि पहिल्यांदा ऐकताना थेट 'स्टे'पासून सुरू करा, दुसरी बाजू तिथूनच चालू होते.